व्हाउचर दाखवा : शिक्षण-तंत्रज्ञानाच्या संशोधनातील खुलेपणाविषयी

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीने मला बैठकीला बोलावले. मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने शाळेसाठी वर्गणी काढली होती. त्या पैशांतून टॅब घ्यायचे आणि त्यांवर गणित शिकवणारे एक सॉफ्टवेअर बसवायचे, असे बहुतेक ठरल्यात जमा होते. कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदावरचे पत्रक ठेवून गेला होता. त्यावर दोन खांब होते, एक बुटका राखाडी आणि एक उंच हिरवा. राखाडी म्हणजे ‘आधी’, हिरवा म्हणजे ‘नंतर’. मुख्याध्यापिका बाईंनी ते पत्रक माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही आकड्यांतले. हे खरं की खोटं, तेवढं सांगा. छपराचे पत्रेही बदलायचे आहेत. पैसे एकदाच येणार.”

मी काही शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. पतसंस्थेत पंचवीस वर्षे हिशेबनीस होतो. संख्याशास्त्र शिकलो ते पुस्तके आणून, रात्री जागून आणि चुका करत. पण कीर्द-खतावणीने एक सवय लावली आहे. ताळेबंद कितीही देखणा असला तरी ऑडिटर तो बघून मान डोलवत नाही. तो म्हणतो, व्हाउचर दाखवा. त्या हिरव्या खांबाखाली व्हाउचर नव्हते. किती मुले होती, कोणत्या शाळेतली, त्यांची निवड कशी केली, चाचणी कोणी काढली, मध्येच सोडून गेलेली मुले मोजली की वगळली, यातले काहीच पत्रकावर नव्हते. मी बाईंना म्हणालो, “खरं की खोटं सांगता येत नाही, कारण तपासता येत नाही.” हे उत्तर त्यांना पळवाटेसारखे वाटले असणार. हा लेख बराचसा त्या उत्तराचा खुलासा आहे.

संशोधनाच्या जगात या व्हाउचर दाखवण्याला ‘खुले विज्ञान’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी आहे. टिम व्हॅन डर झी आणि जस्टिन राइश या दोघांनी २०१८ साली शिक्षण-संशोधनापुरती तिची मांडणी केली, ती मला सर्वांत सुटसुटीत वाटते. अभ्यासाचा आराखडा खुला असावा, गोळा केलेली माहिती खुली असावी, त्या माहितीवर केलेली आकडेमोड खुली असावी आणि शेवटी छापलेला निबंध कोणालाही वाचायला मिळावा. आपल्याला सवय आहे ती फक्त शेवटच्या गोष्टीबद्दल बोलण्याची, म्हणजे निबंध फुकट मिळतो की नाही. पहिल्या तीन गोष्टी बंद असतील तर फुकट निबंध म्हणजे नुसता फुकट ताळेबंद.

ही मागणी एकाएकी का वाढली? २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्राच्या शंभर प्रयोगांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ‘लक्षणीय’ होता; तेच प्रयोग पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत तसा मिळाला. शिक्षणशास्त्रात तर फेरप्रयोग करायची प्रथाच नव्हती. मेकल आणि प्लकर यांनी २०१४ साली शिक्षणविषयक शंभर प्रमुख नियतकालिकांचा पूर्ण इतिहास चाळला, तेव्हा फेरप्रयोग सांगणारे निबंध निघाले ०.१३ टक्के. म्हणजे हजारी एक-सव्वा. आणि मूळ लेखकांनीच स्वतःचा प्रयोग पुन्हा केला की तो यशस्वी होण्याचे प्रमाण परक्यांपेक्षा बरेच जास्त होते. स्वतःच स्वतःचे ऑडिट करण्याचा प्रकार आमच्या सहकार क्षेत्रालाही अपरिचित नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मनात घोळवत होतो, तिच्याकडे येतो. ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर या गावची आहे. तिथल्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये नील हेफर्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असिस्टमेंट्स’ नावाची गणिताच्या सरावाची एक मोफत व्यवस्था उभारली. मुले संगणकावर गणिते सोडवतात, अडली तर इशारा मिळतो, शिक्षकाला कोण कुठे अडले याचा तक्ता मिळतो. मूल एक प्रश्न सोडवते तेव्हा नोंदवहीत एक ओळ पडते. मुलाचा क्रमांक, प्रश्नाचा क्रमांक, त्या प्रश्नाला लागणारे कौशल्य आणि उत्तर बरोबर की चूक. २००९-१० या शालेय वर्षातल्या अशा लाखो ओळी, मुलांची नावे काढून, त्यांनी जगाला खुल्या करून दिल्या. पुढे हा तक्ता या विषयातला जणू सार्वजनिक पाणवठाच झाला. ज्याला नवी पद्धत सुचली, तो आपली घागर तिथे भरून पाहू लागला.

पद्धत कशाची? मुलाला एखादे कौशल्य आले की नाही, हे त्याच्या आजवरच्या उत्तरांवरून ओळखण्याची. पुढचे गणित सोपे द्यावे की कठीण, हे सॉफ्टवेअर यावरूनच ठरवते. ‘प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने’ असे जे पत्रकांवर लिहिलेले असते त्याच्या मुळाशी हाच अंदाज असतो. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात घडवलेली एक जुनी, साधी पद्धत त्यासाठी रूढ होती. २०१५ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस पीच आणि सहकाऱ्यांनी तिच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचे न्यूरल नेटवर्क वापरून पाहिले. मोजपट्टी अशी, की ०.५ म्हणजे नुसता छापा-काटा आणि १ म्हणजे सर्वज्ञ. वूस्टरच्या तक्त्यावर जुन्या पद्धतीची तोवरची उत्तम कामगिरी ०.६९ होती. नवी ०.८६ वर गेली. एवढी उडी या क्षेत्रात सहसा दिसत नाही. साहजिकच गाजावाजा झाला.

पुढच्याच वर्षी वूस्टरच्याच शियाओलू शिओंग आणि सहकाऱ्यांनी तो तक्ता ओळीओळीने तपासला. त्यात बऱ्याच ओळी दुबार होत्या. शिवाय एखाद्या प्रश्नाला दोन कौशल्ये लागत असली, समजा अपूर्णांक आणि क्षेत्रफळ, तर एकाच उत्तराची नोंद दोन ओळींत पडलेली होती, प्रत्येक कौशल्यापोटी एक. आम्ही याला म्हणू, एकच व्हाउचर दोनदा खतवले. हिशेबात याने तेरीज फुगते. इथे झाले ते अधिक गमतीचे. न्यूरल नेटवर्क ओळी एकामागून एक वाचते आणि पुढच्या ओळीचे उत्तर ओळखू पाहते. पहिल्या ओळीत त्याला कळते की मुलाने बरोबर उत्तर दिले; लगेच दुसऱ्या ओळीत त्याला विचारले जाते, सांग, या मुलाने काय उत्तर दिले असेल? प्रश्न तोच, उत्तर तेच, नुकतेच वाचलेले. जुनी पद्धत प्रत्येक कौशल्याचा हिशेब वेगवेगळा ठेवत असल्याने तिला ही डोकावण्याची सोय नव्हती. दुबार ओळी काढून टाकल्यावर नव्या पद्धतीची आघाडी बरीच आटली. त्याच सुमारास कोलोरॅडो विद्यापीठातल्या खजाह, लिंडसे आणि मोझर यांनी दाखवले की, जुन्या पद्धतीत विसरण्यासारख्या दोन-तीन साध्या गोष्टी धरल्या तर ती नव्या पद्धतीच्या जवळपास बरोबरीने चालते.

यात कोणी लबाडी केली नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी जो तक्ता हाती आला तो जसाच्या तसा वापरला, आणि त्यांची कल्पना आजही उपयोगाची मानली जाते. वूस्टरच्या लोकांनी दुरुस्त तक्ता काढला आणि जुन्यात काय बिघडले होते तेही लिहून ठेवले. पण तो तक्ता एखाद्या कंपनीच्या कपाटात असता तर काय झाले असते, एवढे मनात आणून पाहा. ०.८६ हा आकडा जगभरच्या पत्रकांवर छापला गेला असता, आमच्याही शाळेत आला असता, आणि त्याच्यामागे दुबार व्हाउचर आहेत हे कोणालाही कधी कळले नसते. चूक सापडली ती लेखक प्रामाणिक होते म्हणून नव्हे. वही उघडी होती म्हणून सापडली.

माहिती खुली करण्याच्या जोडीला दुसरी एक सवय आहे, पूर्वनोंदणीची. प्रयोग सुरू करण्याआधी लिहून ठेवायचे की आपण काय मोजणार, कसे मोजणार आणि कशाला यश म्हणणार. आणि तो कागद तारखेनिशी अशा जागी ठेवायचा की नंतर कोणाला खाडाखोड करता येऊ नये. याची गरज काय, असे एका प्राध्यापक मित्राने मला विचारले होते. मी त्याला म्हटले, मुलांच्या वीस गोष्टी मोजल्या तर काही घडलेले नसतानाही एखादी गोष्ट नशिबाने वर गेलेली दिसतेच. मग फक्त तिचाच हिरवा खांब काढायचा. बाण आधी मारून वर्तुळ नंतर आखणाऱ्याचा नेम कधी चुकत नाही.

पूर्वनोंदणी केली की उत्तरे बेचव येतात, ही तिची अडचण. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत लोक उत्साहाने नाव घालतात आणि मध्येच सोडून देतात. आरंभी दहा मिनिटे बसवून ‘मी कधी, कुठे अभ्यास करीन’ एवढे लिहून घेतले तर पुष्कळ लोक टिकतात, असे लहान प्रयोगांत दिसले होते. रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांनी अडीच वर्षे, सुमारे अडीचशे अभ्यासक्रमांत, अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर, आधी नोंदणी करून तेच करून पाहिले. २०२० साली निष्कर्ष आला. पहिल्या काही आठवड्यांत थोडा फायदा, पुढे तो विरून जातो. आणि कोणत्या अभ्यासक्रमात कोणता उपाय लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. आधीच्या निष्कर्षांत यांच्यातल्या काहींचा स्वतःचाच हात होता, तरी त्यांनी हे छापले.

दुसरे उदाहरण वाचकांच्या अधिक परिचयाचे असेल. ‘लॅपटॉपवर नोट्स घेण्यापेक्षा हाताने लिहिले तर विषय अधिक समजतो’ हे वाक्य आपल्यापर्यंत कुठून ना कुठून आलेले असते. त्याचा बराचसा आधार म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ सालचा निबंध आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात हेदर उरी यांनी आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यातला पहिला प्रयोग तसाच्या तसा पुन्हा केला आणि २०२१ साली छापला. लॅपटॉपवाले जास्त शब्द टिपतात आणि वक्त्याचे बोलणे शब्दशः उतरवतात, हे पुन्हा दिसले. त्यामुळे त्यांना कमी समजते, हे मात्र दिसले नाही. मला स्वतःला शाईचे पेन आवडते, आणि ही बातमी वाचून माझी थोडी निराशाच झाली, हे कबूल करतो.

आपल्याकडे काय? आपल्याकडेही चांगले काम झाले आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असे आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गॅनिमियन यांनी दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. सरकारी शाळांतल्या ६१९ मुलांमधून सोडत काढून काहींना शाळेबाहेरच्या केंद्रात मोफत प्रवेश दिला, बाकीच्यांना नाही. साडेचार महिन्यांनी दोन्ही गटांची तीच चाचणी घेतली. सोडतीत नाव निघालेली मुले गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाने पुढे होती. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने हे खूप मोठे आहे. निबंध २०१९ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्या नियतकालिकाचा नियम असा की लेखकांनी आपली माहिती आणि आकडेमोडीच्या आज्ञावल्या जमा करायच्या आणि त्या सगळ्यांना उपलब्ध राहायच्या.

पण खरी गंमत निबंधातच आहे. केंद्रात मूल दीड तास असायचे. त्यातला निम्मा वेळ संगणकापुढे आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटात, शिकवणाऱ्या माणसासोबत. तेव्हा हा परिणाम दोन्हींचा मिळून आहे, एकट्या सॉफ्टवेअरचा म्हणता येत नाही, हे लेखक स्वतः सांगतात. पत्रकावर एवढी ओळ मावत नाही. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या शाळांत ली लिंडेन यांनी केलेला २००८ सालचा अभ्यासही याच्या शेजारी ठेवून वाचावा. संगणक वर्गातल्या शिकवण्याच्या जागी आला तेव्हा मुले मागे पडली. तोच शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून आला तेव्हा पुढे गेली. यंत्र तेच, फरक घड्याळाचा. आमच्या शाळेत टॅब गणिताच्या तासाला वापरायचे ठरत होते.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाची वाडी आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिलावहिला प्रयोग २००७ साली तिथल्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर वाकलेल्या मुलांची छायाचित्रे तेव्हा खूप फिरली. त्याच योजनेसाठी पेरू देशाने लाखो लॅपटॉप घेतले. पण तिथे ३१९ ग्रामीण शाळांत कोणाला यंत्रे मिळणार हे सोडतीने ठरवून तुलना करण्याची सोय केली होती. पंधरा महिन्यांनी मोजले तेव्हा भाषा आणि गणित यांत सुधारणा आढळली नाही. छायाचित्रातल्या मुलांचा आनंद खोटा नव्हता, पण तेवढ्यावरून शिकणे मोजता येत नाही.

खुलेपणाविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मुलांच्या खासगीपणाचा आहे आणि तो मला पूर्ण पटतो. आमच्या सातवीत एका समाजाची एकच मुलगी आहे. नाव काढले तरी गाव, इयत्ता, जात आणि जन्मसाल एवढ्यावरून ती कोण हे पोस्टमनही सांगेल. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१४ साली आपल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची माहिती खुली केली तेव्हा असाच पेच होता. कोणतीही ओळ कमीत कमी आणखी चार ओळींसारखी दिसली पाहिजे, नाहीतर ती वगळायची किंवा पुसट करायची, असा नियम त्यांनी लावला. मग त्यांनीच तपासून सांगितले की, या चाळणीतून गेल्यावर निष्कर्षही बदलतात. सगळ्यांत मेहनती विद्यार्थी, जे म्हणूनच वेगळे दिसतात, तेच गळून पडतात. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे, हे चांगलेच झाले. मात्र ‘खासगीपणा’ हा शब्द मुलांसाठी वापरला जातो की कंपनीसाठी, हे पाहावे लागते. प्रश्नपत्रिका, निवडीची रीत आणि आकडेमोड खुली केल्याने कोणत्याही मुलीचे नाव उघड होत नाही.

आणखी एक गल्लत होते. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ‘सनबर्ड’ या खुल्या आज्ञावलीवर उभे आहे. उत्तम गोष्ट आहे. पण यंत्राची रचना खुली असणे वेगळे आणि त्या यंत्राने मूल शिकते याचा पुरावा खुला असणे वेगळे.

माझ्यासारख्या बाहेरच्याची अडचण तर वेगळीच. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरता ६,००० कोटी रुपये मंजूर केले, आणि २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळू लागली. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला ‘नेचर’ उघडता यावा याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ज्याला कोणतीही संस्था नाही तो अजून दाराबाहेरच आहे. वरचे निबंध मी वाचले ते लेखकांनी आपापल्या पानांवर ठेवलेल्या मोफत प्रतींतून. एका निबंधासाठी प्रकाशकाने मागितलेल्या रकमेत माझ्या घरचा पंधरा दिवसांचा किराणा येतो.

बैठकीनंतर मी बाईंना चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले आणि त्यांनी ते कंपनीला पाठवले. किती मुले, तुलनेचा गट कोणता, चाचणी कोणाची, आणि मूळ गुणपत्रक नावे काढून पाहायला मिळेल का? तीन आठवड्यांनी उत्तर आले की ही माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते. सोबत पत्रकाची नवी आवृत्ती होती. हिरवा खांब किंचित उंच झाला होता.

समितीत वाद झाला. सरपंचांचे म्हणणे, मुंबईकरांना तोंड काय दाखवायचे? शेवटी असे ठरले की तीसऐवजी सोळाच टॅब घ्यायचे, उरलेल्या पैशांत पत्रे बदलायचे, आणि सहावी-सातवीच्या चौसष्ट मुलांमधून पालकांच्या संमतीने चिठ्ठ्या काढून बत्तीस जणांना दोन पाळ्यांत, शाळा सुटल्यावर, टॅब द्यायचे. उरलेल्या मुलांची पाळी पुढच्या सत्रात. चौसष्ट मुलांवरून फारसे काही सिद्ध होत नाही, फरक फार मोठा असेल तरच दिसेल, हे मी बैठकीत तीनदा सांगितले. एका सदस्याने विचारले, “मग करायचं कशाला?” मी म्हटले, मोठा फरक पडतो असेच तर पत्रक म्हणते.

चिठ्ठ्या काढण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी एक कागद लिहिला. चाचणी शेजारच्या केंद्रशाळेचे गुरुजी काढतील, टॅबचा संबंध नसलेल्या बाई तपासतील, गैरहजर मुलेही मोजली जातील, आणि दोन्ही गटांच्या सरासरीत किती गुणांचा फरक पडला तर पुढच्या वर्षी वर्गणी भरायची, तो आकडा. त्यावर तारीख घातली, सरपंचांची आणि दोन पालकांची सही घेतली, आणि तो कार्यालयाबाहेरच्या फलकावर, पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी, टाचणीने लावला. पावसाळ्यात एक कोपरा भिजला, तेव्हा बाईंनी वरून प्लॅस्टिक चिकटवले. चाचणी फेब्रुवारीत आहे.